पोडियममागची पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे. माझ्यात मूळच्या पाच फळ्या, वर चढवलेली सहावी, खाली जोडलेले तीन तुकडे, चौतीस स्क्रू आणि पायांना चार रबरी बूट आहेत. यांतले तीन तुकडे आणि आठ स्क्रू मला म्हातारपणी मिळाले. ते कसे मिळाले, हे सांगण्यासाठीच मी आज बोलते आहे.

मित्रांनो, माझे घर म्हणजे एका सरकारी विद्यापीठाचे सभागृह. तेथे बाराशे चाळीस खुर्च्या आहेत आणि मंचावर उजव्या हाताला एक पोडियम आहे. दरवर्षी पदवीदानाच्या दिवशी कुलगुरू त्याच्यामागे उभे राहून भाषण करतात. पोडियम एकशे अठरा सेंटिमीटर उंच आहे. त्याच्या पुढच्या कडेवर उघड्या पुस्तकाचे पितळी बोधचिन्ह बसवलेले आहे. ते आणखी पंचवीस सेंटिमीटर वर जाते. चार बोल्ट आरपार ठोकून ते असे पक्के केले आहे की ते काढायचे म्हणजे पोडियमच फोडावे लागेल. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

हे पोडियम पहिल्या कुलगुरूंच्या मापाने बनले. ते चांगले ताडमाड होते. दुसरेही तसेच निघाले. त्यामुळे कुलगुरू म्हटले की उंचच असणार, अशी सगळ्यांची समजूत झाली. मग तिसरे आले. समारंभाच्या आदल्या दिवशी ते पोडियममागे गेले आणि समोर बसलेल्यांना वाटले की ते निघूनच गेले.

त्याच दिवशी दुपारी माझा जन्म झाला. विद्यापीठाच्या सुतारकामाचे मिस्त्री तेव्हा सगळे ज्यांना मामा म्हणत ते होते. परीक्षा विभागातला एक मोडका सागवानी बाक त्यांनी उचलून आणला, त्याच्या पाच फळ्या काढल्या आणि दोन तासांत मला उभे केले. लांबी साठ, रुंदी चाळीस, उंची बारा सेंटिमीटर. माझ्या डाव्या बाजूला आतून कुणा विद्यार्थ्याने कर्कटकाने कोरलेले एक सूत्र आहे. ते चुकीचे आहे, पण मला त्याची माया आहे.

दुसऱ्या दिवशी तिसरे कुलगुरू माझ्यावर उभे राहिले आणि चाळीस मिनिटे बोलले. खाली उतरताना ते मामांना म्हणाले, "आज पहिल्यांदा मला शेवटची रांग दिसली." माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक.

मामांचा एक नियम होता. पोडियमची कडा आणि बोलणाऱ्याची हनुवटी यांच्यामध्ये शाळेतली तीस सेंटिमीटरची फूटपट्टी उभी मावली पाहिजे. पंचवीस सेंटिमीटर त्या पितळी पुस्तकाचे, आणि पाच वरचे, कारण श्रोते खाली बसून वर बघतात. "माणूस उंच दिसायला नको," मामा म्हणत, "माणूस पुरता दिसायला हवा."

पण कुलगुरूंची उंची विचारणार कोण? मामांनी त्यावर युक्ती काढली. कुलगुरूंच्या कार्यालयाच्या दाराच्या चौकटीत त्यांनी सात बारीक पितळी खिळे मारले. पहिला जमिनीपासून एकशे वीस सेंटिमीटरवर आणि पुढचे पाच-पाच सेंटिमीटर वर. नवे कुलगुरू पहिल्यांदा कार्यालयात शिरत, तेव्हा मामा तेलाची डबी घेऊन बिजागरीशी खुडबुडत असत. आधी पायांकडे बघायचे, टाचा किती उंच आहेत ते. मग हनुवटी कोणत्या खिळ्यासमोरून जाते ते. मामांनी निवृत्त होताना ही विद्या आपल्या भाच्याला दिली. आज सगळे ज्यांना मिस्त्री म्हणतात ते हेच. काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलायची त्यांना सवय आहे, म्हणून मला या गोष्टी माहीत आहेत.

चौथे आणि पाचवे कुलगुरू उंच होते. ती वर्षे मी पडद्यामागे काढली. दिवेवाले माझ्यावर बसून चहा पीत. सहाव्यांसाठी मिस्त्रींनी माझ्यावर तीन सेंटिमीटरची जास्तीची फळी चढवली, सातव्यांच्या वेळी मी पुन्हा पडद्यामागे, आठव्यांसाठी फळी काढून पुन्हा मंचावर. एका कुलगुरूंची मुदत संपली की दुसरे येत, फोटो बदलत, दारावरची पाटी बदले, मोटारीचा चालक तेवढा तोच राही. लोक त्यांना त्यांच्या धोरणांवरून ओळखत. मी मात्र त्यांना तळव्यांवरून ओळखते. सहावे सतत टाचांवर झुलत. आठव्यांचे तर मला फार वाईट वाटे. ज्या वाक्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नसे, त्या वाक्याला त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा बुटाच्या आत हले. एका भाषणात तो एकोणीस वेळा हलला.

प्रत्येक वेळी आधी मामा, नंतर मिस्त्री मला उलटे करून आतल्या बाजूला पेन्सिलीने एक ओळ लिहीत. नाव नाही, फक्त कुलगुरूंचा क्रमांक आणि माझी उंची. ३ — १२. ६ — १५. ८ — १२.

नववे आणि दहावेही उंच निघाले. ओळीने दहा वर्षे मी रिकामी बसले आणि लोक मला विसरले. पडद्यामागच्या निरुपयोगी वस्तूंत माझी गणना होऊ लागली. एकदा नाट्यमंडळाची मुले आली आणि मला घेऊन गेली. त्यांना नाटकात एक खडक हवा होता. त्यांनी मला करडा रंग फासला, वर थोडे हिरवे शेवाळ काढले आणि नाटक संपल्यावर वसतिगृहाच्या जिन्याखाली टाकून दिले.

त्याच वर्षी अकरावे कुलगुरू आले. मिस्त्रींनी दारात तेलाची डबी धरून माप घेतले होते. पंधरा सेंटिमीटर लागणार होते. समारंभाच्या आठवड्यात मिस्त्रींच्या बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. जाताना त्यांनी दिवेवाल्यांना बजावले, "पायरी पडद्यामागेच आहे. समारंभाच्या सकाळी जास्तीची फळी चढवून तेवढी लावून घ्या." मी तेथे नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. दिवेवाल्यांनी त्या सकाळी पडद्यामागे पाहिले, काही दिसले नाही, म्हणून सोडून दिले.

त्या दिवशी अकरावे कुलगुरू पोडियममागे उभे राहिले, तेव्हा खालून दिसत होते ते एवढेच: एक पितळी पुस्तक आणि त्याच्या वर एक चष्मा. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला. सरांना कळेना की लोक कशाला हसतात. त्यांनी पाने उलटली, घाई केली आणि तीन मिनिटांत भाषण आटोपले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो आला. विद्यार्थी त्यांना 'अर्धे सर' म्हणू लागले. पुढे ते पाणीप्रश्नावर बोलोत की वसतिगृहांवर, मागच्या बाकावरून कुणीतरी 'अर्धे सर' म्हणायचेच. वर्षभरातच, पुढच्या पदवीदानाआधी, ते आपणहून बाजूला झाले.

मिस्त्री परतले तेव्हा त्यांनी सगळा परिसर पालथा घातला. मी जिन्याखाली सापडले. त्यांनी काचेच्या तुकड्याने माझ्या अंगावरचा करडा रंग खरवडून काढला. चार दिवस लागले. नंतर त्यांनी मला उलटे केले आणि नेहमीची ओळ लिहिली, फक्त एक शब्द जास्त होता: ११ — १५ — नव्हती.

त्यानंतर वर्षभर विद्यापीठाला कुलगुरूच नव्हते. निवड समितीत वाद झाले, यादी झाली, ती रद्द झाली, पुन्हा झाली. पदवीदान झाले नाही. दोन हजारांवर पदवीपत्रे सहीवाचून कपाटात पडून राहिली. कार्यालय रिकामे आहे तर डागडुजी करून घ्यावी, असे कुणीतरी ठरवले. जुन्या जमिनीवरच नवी फरशी बसवली. फरशी बसली आणि दार अडले. मिस्त्रींना बोलावणे आले. त्यांनी दार उतरवले, खालून चार सेंटिमीटर कापले आणि पुन्हा चढवले. कापलेली नव्वद सेंटिमीटर लांबीची सागवानी पट्टी त्यांनी कपाटामागे ठेवून दिली, कारण सागवान टाकून देणे त्यांच्या हाताला जमत नाही.

अखेर बाराव्या कुलगुरूंची निवड झाली. एका मताच्या फरकाने. त्या विद्यापीठाच्या पहिल्या बाई कुलगुरू, आणि आजवरच्या सगळ्यांत बुटक्या. पहिल्या दिवशी त्या कार्यालयात शिरल्या तेव्हा दाराशी एक सुतार बिजागरीला तेल घालत होता. सपाट टाचांचे बूट. हनुवटी एकशे तेहेतीसवर. मिस्त्रींनी हिशेब केला: पंधरा सेंटिमीटर.

त्या दुपारी दिवेवाले मंचामागे चहा पीत होते. त्यांतला एक म्हणाला, "अर्धे सर गेले, आता पाव मॅडम आल्या."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी माझ्यावर जास्तीची फळी चढवली. स्क्रू पिळताना ते म्हणत होते, "एकदा झालं ते झालं. या बाईंचं तसं होऊ द्यायचं नाही. मला पुढच्या महिन्यात घरी बसायचंय, पण हे डोक्यावर घेऊन नाही बसायचं." मित्रांनो, तेव्हा मला कळले की दोन वर्षे हे गृहस्थ काय ओझे वाहत होते.

समारंभाची सकाळ उजाडली. वेळ दहाची होती. पावणेनऊला सभागृहाचे बाजूचे दार उघडले आणि मॅडम एकट्याच आत आल्या. हातात गाऊनची पिशवी होती.

"मिस्त्री तुम्हीच ना? मी जरा उभी राहून बघते. दहा वाजता सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

"बघा ना मॅडम. सगळं तयार आहे," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

मॅडम माझ्यावर चढल्या. मिस्त्री खाली तिसऱ्या रांगेत जाऊन बसले आणि तेथून त्यांनी वर पाहिले. मग उठून वर आले आणि खिशातून फूटपट्टी काढली.

"हनुवटी जरा सरळ ठेवा, मॅडम." फूटपट्टी उभी मावेना. त्यांनी आकडा वाचला. सव्वीस. "चार कमी पडतात."

"कशात कमी पडतात? खालून काय दिसलं?"

"कपाळ, डोळे, नाक," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "तोंड पुस्तकामागे जातं."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रींनी सगळे सांगून टाकले. मामा, सात खिळे, फूटपट्टी, सगळे.

मॅडम ऐकत राहिल्या. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही बिजागरीला तेल घालत नव्हता?"

"घालत होतो की. पण दर नव्या कुलगुरूला बिजागरी काही कुरकुरत नाही."

मॅडम मोठ्याने हसल्या. रिकाम्या सभागृहात ते हसू छान घुमले. मग त्या गंभीर झाल्या. "माझं माप किती आलं होतं?"

"एकशे तेहेतीस."

"बूट तर हेच होते."

"बघितलं मी. आधी पायच बघतो."

"नजर चुकली असेल."

"एखाद्या सेंटिमीटरने चुकेल, मॅडम." मिस्त्रींना ते लागले होते. "चाराने चुकायला मी काय आज कामाला लागलोय?"

"बरं, रागावू नका. मी तीस वर्षं नद्यांची पातळी मोजली आहे. आकडा विचित्र आला की आम्ही आधी पट्टी तपासतो, नदीला दोष देत नाही. तुमचे खिळे कुठून मोजलेले आहेत?"

"जमिनीपासून."

"कुठल्या जमिनीपासून?"

मिस्त्रींनी पायांखाली पाहिले. मग ते मंचाच्या कडेवर मटकन बसले. "फरशी," ते म्हणाले. "अहो, मीच दार कापलं. मीच! या हातांनी चार सेंटिमीटर कापलं, आणि चौकटीवरचे खिळे आहेत तिथेच राहिले हे डोक्यातच आलं नाही."

मित्रांनो, मिस्त्रींचा हिशेब बरोबर होता. नजरही बरोबर होती. मधल्या वर्षात शून्य तेवढे चार सेंटिमीटर वर सरकले होते.

नऊला पाच कमी होते. मिस्त्री मागच्या कार्यशाळेकडे पळाले. साठीच्या माणसाने असे पळू नये, पण ते पळाले. परतले तेव्हा हातात ती सागवानी पट्टी होती, दाराच्या पोटाखालून निघालेली. चार सेंटिमीटर उंच, बरोबर चार. त्यांनी तिचे चाळीस-चाळीसचे दोन तुकडे केले आणि माझ्या दोन बाजूंखाली धरले. भुसा सोडून दहा सेंटिमीटर उरले, ते पुढच्या फळीच्या मधोमध आधाराला. डिंक वाळायला वेळ नव्हता. नुसते स्क्रू. तीन, तीन आणि दोन. रबरी बूट जुन्या जागेवरून काढून नव्या पायांना घातले.

या सगळ्या वेळात मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांनी मला उलटे धरून ठेवले होते. मिस्त्री नको नको म्हणत होते. "धरते हो, हलली तर स्क्रू तिरका जाईल," मॅडम म्हणाल्या. त्यांचे लक्ष पेन्सिलीच्या ओळींकडे गेले. चौथी ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"हे सर आज येतायत," त्या म्हणाल्या. "माजी कुलगुरू पहिल्या रांगेत असतात. पायरी नव्हती, हे त्यांना कधी सांगितलंत?"

"नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

"झाकलं गेलं ते त्यांचं तोंड, मिस्त्री. तुमचं नाही. त्यांना अजून वाटतं की लोक त्यांच्या बोलण्याला हसले."

मिस्त्रींनी शेवटचा स्क्रू पिळला. साडेनऊला मी पोडियममागे उभी राहिले. वरून नेहमीप्रमाणे लाल गालिच्याचा तुकडा घातला. मॅडम चढल्या. फूटपट्टी मावली. वर काही उरले नाही, खाली काही कमी पडले नाही. मिस्त्रींनी ती खिशात घातली आणि हाताने घाम पुसला.

दहा वाजता सभागृह भरले. मी गालिच्याखाली, मला काही दिसत नव्हते. पण मॅडम माझ्यावर येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही पाय पूर्ण टेकवून. धास्तीत मला त्यांचे पहिले शब्द नीट कळलेच नाहीत. आणि मग एकदम हशा उसळला. माझ्या चौतीस स्क्रूंमधून शहारा गेला. मागच्या वेळी जिन्याखाली पडल्या पडल्या मी हा आवाज ऐकला नव्हता, पण त्याचे वर्णन मिस्त्रींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले होते की तोच आला असे मला वाटले.

तो नव्हता. मॅडमनी विचारले होते, "शेवटच्या रांगेला मी दिसते का? मला तुम्ही दिसता. निळ्या शर्टवाल्या, तो डबा नंतर उघड." लोक त्यावर हसले होते. त्या पुढे बावीस मिनिटे बोलल्या. बुटात अंगठा एकदाही हलला नाही. ज्यांची पदवीपत्रे कपाटात अडकली होती, त्यांची त्यांनी सरळ शब्दांत माफी मागितली, तेव्हा टाळ्या थांबेनात.

पडद्याआड मिस्त्री आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसले होते. दिवेवाला जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, मॅडम पुऱ्या आल्या की हो."

मिस्त्रींनी एवढा मोठा श्वास सोडला की तो मला मंचावर ऐकू आला.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. वस्तू वापरात नसली म्हणून ती कुणाचीच नसते असे समजू नका. नेली तर जागेवर आणून ठेवा. कुणाला तरी तिची गरज नेमक्या त्या सकाळी पडते, जेव्हा ती जिन्याखाली असते. आणि काही मोजायला गेलात, तर आधी आपण कशावर उभे आहोत ते पाहा.

समारंभ संपला. बाराशे चाळीस खुर्च्या रिकाम्या झाल्या. मिस्त्रींनी मला उलटे केले आणि पाचवी ओळ लिहिली: १२ — १९. मग ते मंचावरून खाली उतरले. पहिल्या रांगेत अकरावे कुलगुरू अजून बसले होते, गर्दी ओसरण्याची वाट बघत.

"सर, दोन मिनिटं आहेत का?" मिस्त्री म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचं एक सांगायचं राहून गेलंय."

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितले. बायकोचे ऑपरेशन, नाटकातला खडक, वसतिगृहाचा जिना. सरांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे पायरी नव्हती. एवढंच?"

"एवढंच, सर. चूक आमची होती. माफ करा."

"अहो, मी ते भाषण दोन वर्षं रोज मनात वाचतोय. हसण्यासारखं वाक्य कुठलं, ते शोधतोय." त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांचे खांदे खाली आले. "कुठे आहे ती पायरी? बघू तरी."

ते वर आले. मिस्त्रींनी मला पोडियममागे सरळ ठेवले. सर माझ्यावर चढले. आधी जपून, मग दोन्ही पाय टेकवून. त्यांनी पितळी पुस्तकाच्या वरून समोर पाहिले, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत.

मिस्त्रींनी खिशातून फूटपट्टी काढली आणि कडेवर उभी धरली. ती पुरली नाही, म्हणून उरलेले अंतर त्यांनी टेपने मोजले.

कडेपासून हनुवटीपर्यंत चौतीस सेंटिमीटर. मामांच्या नियमाहून चार जास्त.